बार्बाडोस फिरायचंय? मग साडेतीन डॉलर सुटे ठेवा

29 जून 2024 ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर सूर्याने बाउंडरीवर तो कॅच घेतला आणि आपण सात रन्सनी वर्ल्ड कप मारला, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना एकदा तरी बार्बाडोसला जायचंय. काहीजण अमेरिकेतून क्रूझने जाऊन पण आले. आणि जाणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो की तिकडे टॅक्सी केवढ्याला पडते. माझं सरळ उत्तर असतं, टॅक्सीचं सोडा, बसचं विचारा. कारण ह्या बेटावर बसने जेवढं फिरता येतं तेवढं कॅरिबियनमध्ये फार कमी ठिकाणी फिरता येत असेल, आणि ट्रिपचे निम्मे पैसे टॅक्सीत घालवून परत येणारे लोक बघितले की खरंच जीव तुटतो.

आधी आकार डोक्यात घ्या. बेट आहे साधारण 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्यापेक्षा पण लहान. वस्ती पावणेतीन-तीन लाखांच्या घरात. राजधानी ब्रिजटाउन खाली नैऋत्येच्या कोपऱ्यात, आणि जवळपास सगळे बसरूट तिथूनच निघतात नि तिथेच येऊन संपतात. इथे दिशा फक्त दोन, शहराकडे आणि शहराबाहेर. पूर्व-पश्चिम विसरलात तरी चालेल, हे दोन विसरू नका, कारण बसस्टॉपवरच्या गोल पाटीवर पण हेच लिहिलेलं असतं, 'टू सिटी' नाहीतर 'आउट ऑफ सिटी'.

व्हिसाचं पटकन सांगते. भारतीय पासपोर्टवर 90 दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही. पण थेट विमान नाही, त्यामुळे अमेरिका, कॅनडा किंवा इंग्लंडमधून जाताना तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतोय का हे तिकीट काढायच्या आधी बघा. लोक बार्बाडोसचा व्हिसा नाही लागत म्हणून खूश होतात आणि ट्रान्झिटमध्ये अडकतात.

आता पैसे, कारण बसचा सगळा खेळ सुट्या पैशांवर आहे. बार्बाडोसचा डॉलर वेगळा, आणि तो अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, 2 बार्बाडोस डॉलर म्हणजे 1 अमेरिकन, कित्येक वर्षं हाच रेट. दुकानात, हॉटेलात, टॅक्सीत अमेरिकन नोटा सर्रास घेतात, परत मात्र स्थानिक डॉलर देतात. त्यामुळे कोणी पण भाव सांगितला की लगेच विचारायचं, 'बार्बाडोस की यूएस?' हा प्रश्न विचारायला लाजू नका, तिथे सगळेच विचारतात. चाळीस ऐकून चाळीस समजायचं आणि उतरताना ते ऐंशी निघायचे, असं होऊ शकतं. एअरपोर्टवरच थोडे पैसे बदलून घ्या आणि पहिल्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा. एक डॉलरचं नाणं सात कोपऱ्यांचं आहे, त्यावर उडता मासा, आणि पाव डॉलरचं वेगळं. तीन सातकोनी आणि दोन पाव, झाले साडेतीन. अशा दोन-चार जोड्या खिशात वेगळ्या ठेवल्या की दिवसभराची चिंता मिटली. आणि हो, पाच डॉलरच्या नोटेवर वेस्ट इंडिजचा जुना कॅप्टन फ्रँक वॉरेल आहे. तोच, 1962 मध्ये इथेच आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला बॉल लागला तेव्हा रक्त द्यायला पुढे आलेला. ती नोट मोडायला माझा तर हात धजला नाही.

भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, 2019 पासून हेच आहे. एका स्टॉपला उतरा नाहीतर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जा, भाडं तेच. मात्र बस बदलली की परत साडेतीन, ट्रान्सफर वगैरे काही नाही. आपल्या हिशोबाने दीडशे रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे बेस्टच्या सवयीने बघितलं तर महागच वाटेल, पण एअरपोर्टवरून पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलला टॅक्सीने गेलात तर ह्याच्या दहापट आणि वर जातात, तेव्हा कळेल.

रस्त्यावर तीन प्रकारच्या गाड्या दिसतात आणि तिघांचे स्वभाव अगदी वेगळे. पहिली सरकारी, ट्रान्सपोर्ट बोर्डाची, निळी बस आणि अंगावर पिवळा पट्टा. 2020 पासून ह्यांच्यात इलेक्ट्रिक बस पण आल्यात, एसी असतो, आवाज नाही, मस्त. कंडक्टर नसतो, चढताना ड्रायव्हरजवळच्या डब्यात पैसे टाकायचे, आणि तो सुटे देत नाही. पाच टाकलेत तर दीड डॉलर बोर्डाला दान. अमेरिकन डॉलर इथे चालत नाहीत. दुसरी पिवळी मिनीबस, निळा पट्टा, खाजगी, सुटे देतात, गाणी लावतात, जरा घाईत असतात. आणि तिसरी झेडआर. पांढरी व्हॅन, मरून पट्टा, नंबरप्लेट झेडआरने सुरू होते म्हणून सगळे तिला झेडआरच म्हणतात. भाडं तिन्हीत सारखंच.

झेडआर म्हणजे बार्बाडोसचं वडाप. सांगली-साताऱ्याच्या माणसाला ह्याहून जास्त समजवायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईवाल्यांसाठी सांगते. दारात कंडक्टर लटकलेला, लांबून हॉर्न देत येणार, पिप-पिप, म्हणजे येताय का? नसेल जायचं तर हाताने नको म्हणा, राग येत नाही कोणाला. चढलात की तो डोळ्यानेच जागा दाखवतो, मधल्या वाटेत दुमडायच्या सीट असतात, तुमच्या मागचा माणूस उतरणार असेल तर तुम्ही उठायचं, सीट दुमडायची, तो गेला की परत बसायचं. तुम्हाला वाटतं आता भरली, पुढच्या स्टॉपला अजून तिघं येतात, सगळे न बोलता एक इंच सरकतात आणि बसतात पण. माझ्या शेजारी एक आजी होत्या, डोक्यावर चर्चला जायची हॅट, हातात पाव, कानठळ्या बसतील एवढं डान्सहॉल म्युझिक चालू आणि ह्या शांतपणे खिडकीबाहेर बघतायत. पैसे चढताना नाही, बसल्यावर किंवा उतरताना कंडक्टरला द्यायचे, मागच्या सीटवर असलात तर पुढच्याच्या हातात द्या, सुटे पण तसेच हातोहात परत येतात. उतरायचं असेल तर बेल असली तर बेल, नसली तर मोठ्याने 'बस स्टॉप' म्हणायचं. मोठ्याने म्हणजे खरंच मोठ्याने, त्या गाण्यात तुमचं हळू आवाजातलं एक्स्क्यूज मी ड्रायव्हरपर्यंत पोचणार नाही.

चालवतात जोरात, हे खरंय. ज्यांना गाडी लागते किंवा ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत त्यांनी निळी बस येईपर्यंत थांबावं. मोठी बॅग असेल तर झेडआरचं नावच काढू नका, मांडीवर घेऊन बसावी लागेल.

आता त्या 'टू सिटी'च्या पाटीबद्दल. डोकं शांत ठेवून स्टॉप निवडा, कारण चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर बस थांबेल, तुम्ही चढाल आणि थेट उलट्या टोकाला जाल. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात ही मोठी सोय. पश्चिम किनाऱ्यावर सोपी खूण, समुद्राच्या बाजूचा स्टॉप म्हणजे शहराबाहेर, उत्तरेकडे जाणारा. रस्त्यापलीकडे, जमिनीच्या बाजूचा स्टॉप म्हणजे शहराकडे. दक्षिण किनाऱ्यावर बरोब्बर उलटं, तिथे शहराकडे जाणारी बस समुद्राच्या बाजूने मिळते. दोन्ही नकाशावर एकदा बोट फिरवून बघा म्हणजे डोक्यात बसेल. आणि नुसतं स्टॉपवर उभं राहून भागत नाही, बस दिसली की हात दाखवायचा, नाहीतर निळी बस सरळ निघून जाते, ड्रायव्हरची चूक नाही त्यात. फोनवर गूगल मॅप वेळ दाखवतं पण ती वेळापत्रकातली, रस्त्यावरची नाही. स्टॉपवरच्या माणसाला विचारणं केव्हाही बरं.

विचारताना मात्र एक पाळा. आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून', मग प्रश्न. आपल्याकडे आपण तोंड उघडल्या उघडल्या 'अहो स्टेशन कुठे' करतो, तिथे ते उद्धट वाटतं. बसमध्ये चढताना पण लोक सगळ्यांना मिळून गुड मॉर्निंग म्हणतात आणि अख्खी बस उत्तर देते. एकदा नमस्कार झाला की मग मात्र मदत अशी करतात की विचारू नका, तुमच्या स्टॉपला ड्रायव्हर नाही तर चार प्रवासी ओरडून सांगतील की बाई उतर, आलं तुझं.

एअरपोर्ट. ग्रँटली अॅडम्स नाव, दक्षिणेला, ब्रिजटाउनपासून 13 किलोमीटरच्या आसपास. बाहेरच्या रस्त्यावरून शहराकडे जाणाऱ्या बस असतात, आणि एखादी सॅक घेऊन एकटे आला असाल तर बिनधास्त बसने जा. कुटुंब, बॅगा, चोवीस तासाचा प्रवास असं सगळं असेल तर पहिल्या दिवशी टॅक्सीच करा, तिथे कंजुषी नको. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर झेड अक्षर असतं, मीटर नसतो, ठिकाणानुसार भाडी ठरलेली असतात. बसायच्या आधी आकडा विचारायचा आणि कुठला डॉलर ते पण. उबरच्या भरवशावर राहू नका.

ब्रिजटाउनमधले बसअड्डे हा नवख्याला थोडा गोंधळ वाटतो, पण एकदा लक्षात आलं की सोपं आहे. दक्षिण आणि पूर्वेकडे जायचं असेल तर फेअरचाइल्ड स्ट्रीटचा अड्डा, सरकारी बससाठी, त्याच्या जवळच कॉन्स्टिट्यूशन रिव्हर टर्मिनल झेडआरसाठी. पश्चिम किनारा आणि उत्तरेला जायचं तर शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रिन्सेस अॅलिस टर्मिनल सरकारी, आणि चीपसाइडला खाजगी गाड्या. दोन बाजूंमधलं अंतर चालत जाण्यासारखं आहे, मध्ये चेंबरलेन ब्रिज, ब्रॉड स्ट्रीट, स्वॉन स्ट्रीट, म्हणजे शहर बघून पण होतं. दक्षिणेहून येऊन पश्चिमेला जायचं असेल तर ही एवढी चाल धरूनच चला. काही बस शहरात न शिरता बाहेरच्या हायवेने थेट दक्षिणेहून वर वायव्येच्या स्पाइट्सटाउनला जातात, ती मिळाली तर अर्धा-पाऊण तास वाचतो, दक्षिणेकडच्या स्टॉपवर विचारून ठेवा.

पहिल्या दिवशी सरावाला अकरा नंबरची झेडआर घ्या. ब्रिजटाउन ते सिल्व्हर सँड्स, दक्षिण किनाऱ्याने, वाटेत हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स. बहुतेक मध्यम बजेटची राहायची ठिकाणं ह्याच पट्ट्यात आहेत आणि गाड्या इतक्या येतात की एक सोडली तरी मागून दुसरी हॉर्न देतच असते. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला मासळीबाजाराशेजारी फिश फ्राय असतो, सगळं बेट तिथे लोटतं, चुलीवर मासे, जोरात गाणी, डॉमिनोज आपटणारे काका. सात वाजेपर्यंत पोचा, नंतर रांगा लागतात. परतताना त्याच रूटच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत मिळतात. शाकाहारी असाल तर इथे मॅकरोनी पाय (म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी) आणि तळलेली केळी ह्यावर भागवावं लागेल, त्यापेक्षा येताना वाटेत शेफेटमध्ये भाजीची रोटी खाऊन घ्या, ही तिथलीच चेन आहे, जागोजागी आहे.

दुसरा दिवस पश्चिमेला. प्रिन्सेस अॅलिसवरून स्पाइट्सटाउनची बस, डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. समुद्र डावीकडे. तरी पूर्ण वेळ समुद्र दिसेल असं नाही, श्रीमंतांचे बंगले आणि हॉटेलं मध्ये भिंतीसारखी उभी आहेत, पण मधूनच फट येते आणि असा काही निळा रंग दिसतो की बस. आता गंमत अशी की ह्या बेटावरचे सगळे किनारे पब्लिक आहेत, कितीही पंचतारांकित हॉटेल पुढे असलं तरी वाळू सगळ्यांची. हॉटेलांच्या मधून बारीक बोळ असतात, 'बीच अॅक्सेस' लिहिलेली पाटी असते, त्यातून बिनधास्त आत जायचं. खुर्ची मात्र त्यांची, त्याचे पैसे. वाटेत होलटाउनला उतरा, इंग्रजांनी 1627 मध्ये वस्ती केली ती इथे, आणि मग पुढची कुठलीही बस पकडून स्पाइट्सटाउन. छोटं, जुनं, आळशी गाव आहे, मला ब्रिजटाउनपेक्षा जास्त आवडलं. उत्तर टोकाची अॅनिमल फ्लॉवर केव्ह बघायची असेल तर कॉनेल टाउनची बस घ्यायची आणि शेवटचं थोडं चालायचं. चालताना सावली नाही, टोपी हवीच.

किनाऱ्यावर एक झाड ओळखून ठेवा, मँचिनील. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, आणि पूर्ण झाड विषारी. खोडाला बऱ्याच ठिकाणी लाल पट्टा रंगवलेला असतो. बसची वाट बघताना पाऊस आला म्हणून ह्याच्याखाली उभे राहिलात तर गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. मुलांना आधीच सांगून ठेवा.

बाथशीबाला एक पूर्ण दिवस द्या. पूर्व किनारा, अटलांटिकची बाजू, आणि तुम्ही पोस्टरवर बघितलेल्या बार्बाडोसशी त्याचा काही संबंध नाही. फेअरचाइल्ड स्ट्रीटवरून बाथशीबाची निळी बस, तासाला एक धरून चाला, आणि तासाभराचा रस्ता. शहर संपलं की ऊस सुरू होतो, गावं, रंगीत लाकडी घरं, दर दोन वळणांवर एक रमशॉप आणि एक चर्च, शाळा सुटली असेल तर युनिफॉर्ममधली पोरं, त्यांना सरकारी बस फुकट असते त्यामुळे अर्धी बस तीच असतात. मग जमीन उंच होत जाते आणि अचानक समोर खाली सगळा समुद्र उघडतो, पांढऱ्या लाटांच्या रांगा, आणि बस त्या तीव्र उतारावरून अशी खाली जाते की पुढच्या सीटचा बार आपोआप धरला जातो. खाली किनाऱ्यावर प्रचंड मोठे खडक, लाटांनी पायथ्याशी झिजून वरून मशरूमसारखे झालेले. सूप बोल नावाची लाट इथलीच, जगभरचे सर्फर येतात. पोहायचं मात्र अजिबात नाही, आतला प्रवाह भयंकर ओढतो. खडकांच्या आत भरतीचं पाणी साठून डबकी होतात, त्यात बसायचं, तेवढंच. वर चढून अँड्रोमेडा गार्डन बघता येते.

परतीची बस मात्र पोचल्या पोचल्या ड्रायव्हरलाच विचारून ठेवा, पुढची किती वाजता, शेवटची किती वाजता. इथे वर्षभर सहाच्या आगेमागे अंधार पडतो, संधिप्रकाश वगैरे फार नसतो, आणि पूर्व बाजूला रात्री टॅक्सी पटकन मिळत नाही. मी तर सांगेन की चारनंतरच्या बसवर बेत आखूच नका. तिथून स्पाइट्सटाउनला पण बस जाते, म्हणजे आलात त्या वाटेने न जाता बेट ओलांडून पश्चिमेला उतरता येतं, पण ती फार कमी, वेळ पक्की करूनच.

रविवारी सगळं निम्म्यावर येतं. बस कमी, दुकानं लवकर बंद. रविवार बीचवर काढावा, लांबचा बेत ठेवू नये.

गाडी भाड्याने घ्यावी का? तीन-चार जण असाल आणि आतली ठिकाणं बघायची असतील, म्हणजे हंट्स गार्डन, चेरी ट्री हिल, हॅरिसन्स केव्ह एका दिवसात, तर एक-दोन दिवस घ्या, पूर्ण ट्रिपभर नको. आपलं लायसन्स न्या, व्हिजिटर परमिट भाड्याची कंपनीच काढून देते, त्याचे पैसे वेगळे. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट एच ने सुरू होते, त्यामुळे लांबूनच सगळ्यांना कळतं पाहुणा आला, आणि खरं सांगायचं तर लोक तेवढं सांभाळून घेतात. शहराला वळसा घालणारा मोठा रस्ता म्हणजे एबीसी हायवे, त्यावर एकामागून एक राउंडअबाउट, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एकाचं नाव एव्हर्टन वीक्स, एकाचं क्लाइड वॉलकॉट, म्हणजे रस्ता चुकलात तरी क्रिकेटच्या इतिहासातच चुकता. आत मात्र रस्ते अरुंद, कडेला फूटपाथ नाही, बऱ्याच चौकांना पाट्या नाहीत, आणि ऊस उभा असला की वळणावर समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. कोल्हापूरकरांना ह्यात नवीन नाही, बाकीच्यांनी वळणावर हॉर्न द्या आणि हळू जा. हॉर्न इथे बहुतेक वेळा रागाने नसतो, छोटा पिप म्हणजे थँक्यू, जा तू आधी, किंवा नुसतं ओळखीच्याला हाय. मागून कोणी वाजवला म्हणून लगेच भांडायच्या तयारीत वळू नका.

पत्ता विचारलात तर घर नंबर कोणी सांगत नाही. 11 पॅरिश आहेत, म्हणजे आपल्या तालुक्यांसारखे भाग, सेंट जेम्स, सेंट जोसेफ, क्राइस्ट चर्च असे, आधी पॅरिश आणि मग रमशॉपच्या पुढे, चर्चच्या अलीकडे, मोठ्या झाडापाशी डावीकडे. नेटचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि बसच्या वेळी राहायच्या जागेजवळची खूण पाठ ठेवा.

क्रूझवाल्यांसाठी वेगळं. बंदरातून बाहेर आल्या आल्या टॅक्सीवाले घेरतात, बेटाची टूर विकतात. शहरातच जायचं असेल तर कशाला, प्रिन्सेस अॅलिस हायवेने पेलिकन व्हिलेजवरून वीस-पंचवीस मिनिटांत चालत मध्यावर पोचता. तिथून पुढे कार्लाइल बे पण चालत, शांत पाणी, कासवं, बुडालेल्या जहाजांवर स्नॉर्कलिंग. जहाज संध्याकाळी सुटणार असेल तर बाथशीबाच्या नादी लागू नका, बस चुकली तर जहाज थांबणार नाही. दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हेस्टिंग्ज ते रॉकली समुद्राला लागून लाकडी बोर्डवॉक आहे, सकाळी सहाला जा, सगळे स्थानिक तिथेच चालत असतात.

कपड्यांचं, कारण त्याचा फिरण्याशी थेट संबंध आहे. मिलिटरी प्रिंटचं काहीही नेऊ नका. शर्ट, बर्मुडा, टोपी, लहान मुलांची चड्डी, सॅक, काहीच नाही. कॅमोफ्लाज घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, फक्त सैन्याला चालतं. आपल्याकडे ट्रेकवाल्यांचं अर्धं कपाट त्याचंच असतं म्हणून मुद्दाम सांगतेय. आणि पोहायच्या कपड्यात, उघड्या अंगाने बसमध्ये किंवा शहरात फिरलेलं लोकांना आवडत नाही, वरून काहीतरी घाला, ओल्या कपड्यांनी सीटवर बसू नका.

सुरक्षिततेबद्दल सगळे विचारतात. दिवसा बसने फिरायला मला कधी भीती वाटली नाही, एकटीला पण नाही. रात्री शहराच्या मध्यात, विशेषतः अड्ड्यांच्या मागच्या गल्ल्यांत, रेंगाळायचं नाही, दहानंतर टॅक्सी करायची, सुनसान बीचवर बसायचं नाही, एवढं आपण कुठेही पाळतोच.

कधी जावं तर डिसेंबर ते मे कोरडा, महाग पण बरा. जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस. आपली टीमच नाही का जिंकून तिथे अडकली होती, बेरिल वादळ आलं आणि एअरपोर्ट बंद. बार्बाडोस बऱ्याच बेटांच्या पूर्वेला असल्याने वादळं वाकडी जातात बहुतेक, पण विमानं रद्द होतातच. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी कडूमेंट डे, क्रॉप ओव्हर सणाचा शेवट, ऊसतोडणी संपल्याच्या सणातून आलेला, त्या दिवशी रस्ते बंद, बसचे रूट बदललेले, त्यामुळे मिरवणूक बघायची असेल तरच बाहेर पडा आणि पायी पडा.

ओव्हल बघायचंच आहे हे माहीत आहे मला. चीपसाइडच्या अड्ड्यावरून चालत दहा-पंधरा मिनिटं, फाँटाबेलमध्ये, टॅक्सीची काही गरज नाही. बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, फोटो तिथेच. ह्याच मैदानावर 1971 मध्ये दिलीप सरदेसाईंनी 150 केल्या आणि गावसकरने नाबाद 117, आपल्या पिढीला सूर्याचा कॅच, वडिलांच्या पिढीला तो दौरा. मॅचच्या दिवशी जात असाल तर आसपासचे रस्ते गाड्यांना बंद असतात, शहरात आधीच उतरा आणि गर्दीबरोबर चालत जा. संपल्यावर लगेच अड्ड्याकडे धावू नका, तासभर कुठेतरी बसा, काहीतरी खा, मग निघा, तोवर झेडआरवाल्यांनी जादा फेऱ्या मारून निम्मी गर्दी उचललेली असते.